विद्यापीठात पोषणशास्त्र शिकताना : अभ्यास कसा करावा

पोषणशास्त्राला प्रवेश घेणारा विद्यार्थी या विषयाला पूर्णपणे अनोळखी कधीच नसतो. भूगर्भशास्त्राच्या पहिल्या तासाला बसणाऱ्याची खडकांविषयी ठाम मते नसतात; पोषणशास्त्राच्या पहिल्या तासाला बसणाऱ्याची मात्र साखर, स्निग्ध पदार्थ, उपवास आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या यांविषयी बरीच मते असतात, आणि त्यांतली बहुतेक त्याने कधी तपासलेली नसतात. त्यामुळे या विषयात नवे शिकण्याइतकेच जुने पारखून घेण्याचे काम मोठे आहे. ते करण्यासाठी एक प्रश्न पुरेसा आहे : समोर आलेला आकडा कोणी, कशाचा आणि कोणत्या पद्धतीने मोजला? पदवीची सगळी वर्षे हा प्रश्न चिकाटीने विचारत राहणारा विद्यार्थी हा विषय शिकतो, आणि बाकीचे केवळ उत्तीर्ण होतात, असे माझे मत आहे. पुढच्या सूचना त्या मताला धरूनच केलेल्या आहेत.

प्रवेश घेण्यापूर्वी

पोषणशास्त्र, आहारचिकित्सा आणि अन्नविज्ञान ही तीन नावे बोलताना सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात, पण अभ्यासक्रम वेगळे असतात. अन्नघटकांचे शरीरात काय होते आणि लोकसमूहांच्या आरोग्याशी त्यांचा काय संबंध आहे, हा पोषणशास्त्राचा विषय. आजारी माणसाच्या आहाराचे नियोजन हा आहारचिकित्सेचा विषय असून त्यात रुग्णालयातील प्रशिक्षण अनिवार्य असते. पदार्थाची घडण, प्रक्रिया, टिकाऊपणा आणि सुरक्षितता हे अन्नविज्ञानाकडे जाते. अनेक देशांत ‘डायटीशियन’ ही उपाधी कायद्याने संरक्षित आहे आणि मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय ती लावता येत नाही; ‘न्यूट्रिशनिस्ट’ या शब्दाला मात्र बहुतेक ठिकाणी तसे संरक्षण नाही. रुग्णांबरोबर काम करण्याची इच्छा असेल, तर निवडलेल्या पदवीला संबंधित व्यावसायिक संस्थेची मान्यता आहे का, हे शुल्क भरण्यापूर्वीच पाहावे, कारण ही चूक तिसऱ्या वर्षी लक्षात येऊन उपयोग नसतो.

विषयपत्रिका चाळताना जीवरसायनशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि संख्याशास्त्र हे तीन विषय किती सत्रे शिकवले जातात, ते पाहावे. ज्या पदवीत हे तिन्ही विषय मिळून एखाद्या सत्रात आटोपलेले असतील, तिच्यात पुढे जे शिकवले जाईल ते बहुतांशी ऐकीव असेल. रसायनशास्त्र कच्चे असेल, तर वर्ग सुरू होण्यापूर्वी मोलची कल्पना, आम्ल आणि आम्लारी, ऑक्सिडीकरण-क्षपण आणि सेंद्रिय संयुगांचे कार्यात्मक गट एवढे तरी पक्के करून घ्यावे.

चयापचयाच्या साखळ्या पाठ करू नयेत

पहिल्या वर्षी जीवरसायनशास्त्र अंगावर येते ते त्यातल्या चयापचयाच्या साखळ्यांमुळे, म्हणजे शरीरात एकामागून एक घडणाऱ्या रासायनिक क्रियांच्या मालिकांमुळे. दहा-बारा पायऱ्यांची साखळी परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करता येते आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरताही येते. त्याऐवजी कोऱ्या कागदावर साखळी स्वतः काढावी आणि प्रत्येक महत्त्वाच्या पायरीपाशी थांबून तीन गोष्टी लिहाव्यात : ही क्रिया पेशीच्या कोणत्या भागात आणि कोणत्या अवयवात होते, तिला कोणते जीवनसत्त्व किंवा खनिज लागते, आणि ती अडली तर मागे काय साठते व पुढे कशाची चणचण होते.

थायमिनचे, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचे उदाहरण घेऊ. ग्लुकोजपासून बनलेल्या पायरुव्हेटचे ॲसिटिल को-ए या ऊर्जानिर्मितीच्या पुढच्या टप्प्यातल्या संयुगात रूपांतर करणाऱ्या एन्झाइमला थायमिनपासून तयार होणारा सहघटक, म्हणजे मदतनीस रेणू, लागतो. तो नसेल तर ती वाट बंद होते, पायरुव्हेट आणि लॅक्टेट साठू लागतात, आणि जे अवयव ऊर्जेसाठी या वाटेवर फार अवलंबून असतात, त्यांना, म्हणजे मज्जासंस्थेला आणि हृदयाला, पहिला फटका बसतो. थायमिनच्या अभावाने होणाऱ्या बेरीबेरी या आजाराची लक्षणे मग वेगळी पाठ करावी लागत नाहीत. दीर्घकाळ उपासमार झालेल्या रुग्णाला थायमिन न देता ग्लुकोज दिले तर त्याच्या मेंदूला इजा का होऊ शकते, हेही त्याच कागदावर दिसते : उरलेसुरले थायमिन ज्या कामाला लागते, ते काम ग्लुकोजने अचानक वाढवलेले असते.

फोलेट आणि ब-१२ यांची जोडीही अशीच कागदावर मांडून पाहावी. ब-१२ च्या अभावात फोलेट एका रूपात अडकून पडते आणि रक्तपेशींची निर्मिती बिघडते. बाहेरून भरपूर फॉलिक ॲसिड दिले तर रक्ताचे चित्र सुधारते, पण ब-१२ अभावी चेतातंतूंची होणारी हानी मात्र चालूच राहते. म्हणजे रक्ततपासणीचा एक आकडा सुधारला आणि रुग्ण आतून बिघडत गेला. असे एक उदाहरण नीट समजले, तर एकच चाचणी पाहून निष्कर्ष काढण्याचा मोह पुढे आपोआप कमी होतो. लोहाच्या बाबतीत फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनाचे असेच आहे. ते शरीरातील लोहसाठ्याचे माप मानले जाते, पण संसर्ग किंवा दाह असताना ते वाढते, आणि लोहाची कमतरता त्या वाढीखाली झाकली जाते. म्हणून फेरिटिनबरोबर दाहाचा एखादा निदर्शकही मोजतात.

कॅलरी, प्रथिने आणि अन्नघटकांचे तक्ते

दुसऱ्या वर्षापासून विद्यार्थी रोज आकडे वापरू लागतो, आणि वापरता वापरता ते कुठून आले हे विसरतो. या टप्प्यावर मुद्दाम वेळ काढून रोजच्या वापरातल्या आकड्यांचा उगम शोधावा. माझ्या मते पदवीच्या काळात केलेले हे सर्वांत फायद्याचे काम ठरते.

कर्बोदकांच्या एका ग्रॅमला ४ किलोकॅलरी, प्रथिनांना ४ आणि स्निग्ध पदार्थांना ९, हे गुणक अमेरिकन शास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या प्रयोगांतून आले. बाँब कॅलरीमापकात, म्हणजे पदार्थ जाळून निघणारी उष्णता मोजणाऱ्या बंद पात्रात, प्रथिन पूर्ण जाळले तर ग्रॅममागे सुमारे ५.६५ किलोकॅलरी उष्णता निघते. शरीर मात्र ते पूर्ण जाळत नाही. युरियाच्या रूपाने काही ऊर्जा मूत्रावाटे निघून जाते आणि काही प्रथिन न पचताच बाहेर पडते. हे दोन्ही वजा केले की उरतात ते साधारण ४. म्हणजे पाकिटावर छापलेली कॅलरी थेट मोजलेली नसते, तर मिश्र आहारासाठी काढलेल्या सरासरी गुणकांनी ती हिशेबातून येते. सगळ्याच पदार्थांना ही सरासरी लागू पडत नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अख्ख्या बदामांपासून माणसाला प्रत्यक्ष मिळणारी ऊर्जा मोजली, तेव्हा २८ ग्रॅमला १७० च्या आसपास गृहीत धरलेला आकडा १२९ किलोकॅलरी निघाला. चावूनही न फुटलेल्या पेशींमधला स्निग्ध अंश तसाच शरीराबाहेर जातो, हे त्यामागचे कारण. हा हिशेब विद्यार्थ्याने एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावा.

प्रथिनांची कथा याहून बोधक आहे. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डाल यांनी १८८३ साली मांडलेल्या पद्धतीत मोजला जातो तो नायट्रोजन. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो असे धरून त्याला ६.२५ ने गुणले की ‘प्रथिनांचे प्रमाण’ मिळते. दुधासाठी हा गुणक ६.३८ आणि गव्हाच्या पिठासाठी ५.७ वापरतात, कारण प्रत्येक प्रथिनाची घडण वेगळी असते. २००८ साली चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळण्याचा जो प्रकार उघडकीस आला, तो नेमका या फटीतून घडला होता. मेलामाइनच्या वजनाचा सुमारे दोनतृतीयांश भाग नायट्रोजन असतो, त्यामुळे चाचणीत प्रथिने पुरेशी दिसली आणि ते दूध वापरून केलेली भुकटी पिऊन सुमारे तीन लाख बालके आजारी पडली. चाचणीने आपले काम चोख केले होते. तिला प्रश्नच वेगळा विचारला जात होता. केल्डालचे प्रात्यक्षिक करताना हे लक्षात ठेवले, तर कोरा नमुना (पदार्थ न घालता केलेली मोजणी) आणि दुबार मोजणी यांचा कंटाळा येत नाही.

अन्नघटकांचे तक्ते वापरताना प्रत्येक आकड्याशेजारची खूण वाचावी. काही मूल्ये प्रत्यक्ष विश्लेषणातून आलेली असतात, काही दुसऱ्या देशाच्या तक्त्यातून उसनी घेतलेली, काही घटकपदार्थांवरून हिशेबाने काढलेली. आणि काही रकाने रिकामेच असतात. रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे. विद्यार्थिदशेत मी केलेल्या एका प्रकल्पात आयोडीनचे सेवन चिंताजनक इतके कमी आले होते, आणि निष्कर्षाचा परिच्छेद मी मोठ्या तळमळीने लिहिलाही होता. नंतर लक्षात आले की निम्म्या पदार्थांसमोर आयोडीनची नोंदच नव्हती आणि संगणकाने त्या सर्व ठिकाणी शून्य धरले होते. मार्गदर्शकांनी काही न बोलता तो परिच्छेद खोडला. तेव्हापासून कोणत्याही आहार-विश्लेषणात नोंद नसलेल्या पदार्थांची यादी मी आधी काढतो, आणि बेरीज नंतर करतो.

एककांकडेही लक्ष असावे. एक किलोकॅलरी म्हणजे ४.१८४ किलोज्यूल हे सर्वांना ठाऊक असते. पण अ जीवनसत्त्वाच्या हिशेबात अन्नातील १२ मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटीन हे १ मायक्रोग्रॅम रेटिनॉलइतके धरतात, आणि अन्नातील फोलेट व गोळीतील फॉलिक ॲसिड यांचे शोषण सारखे नसते, हे विसरल्यामुळे चुकलेले अहवाल दरवर्षी पाहायला मिळतात.

शिफारस केलेल्या मात्रेचा अर्थ

‘शिफारस केलेली दैनंदिन मात्रा’ ही संकल्पना परीक्षेत सर्वांत सोपी वाटते आणि प्रत्यक्षात सर्वांत जास्त चुकीची वापरली जाते. एकाच वयोगटातल्या निरोगी माणसांची गरज सारखी नसते. त्या गटातील निम्म्या लोकांची गरज ज्या मात्रेने भागते, ती सरासरी अंदाजित गरज. तिच्यात दोन प्रमाण विचलने (माणसामाणसांतल्या गरजा सरासरीपासून किती विखुरलेल्या आहेत, याचे माप) मिळवली की जी मात्रा येते, तिने ९७ ते ९८ टक्के लोकांची गरज भागते, आणि तीच शिफारस केलेली मात्रा होय. याचा सरळ अर्थ असा की या मात्रेपेक्षा कमी घेणारा प्रत्येक माणूस कुपोषित नसतो. बहुतेकांची गरज त्याहून कमीच असते. एखाद्या समूहात किती जणांना पोषकद्रव्य अपुरे पडते, याचा अंदाज घ्यायचा तर नेहमीचे सेवन शिफारस केलेल्या मात्रेशी न ताडता सरासरी अंदाजित गरजेशी ताडावे लागते. त्यातही मासिक पाळी येणाऱ्या स्त्रियांच्या लोहाच्या गरजेसाठी ही सोपी रीत चालत नाही, कारण त्यांच्या गरजांची वाटणी एका बाजूला झुकलेली असते.

ऊर्जेसाठी मात्र ‘दोन विचलने जास्त’ अशी शिफारस कोणीही करत नाही. तसे का, याचे उत्तर वर्गात विचारण्याआधी स्वतः शोधावे. सर्वांनी गरजेपेक्षा थोडे जास्त क जीवनसत्त्व घेतले तर काही बिघडत नाही. सर्वांनी गरजेपेक्षा थोडी जास्त ऊर्जा रोज घेतली तर वजने वाढतील.

माणसे काय खातात, हे मोजण्याची अडचण

आहार-सर्वेक्षणाच्या पद्धती शिकताना त्या आधी स्वतःवर वापराव्यात. सलग तीन दिवस प्रत्येक पदार्थ तोलून त्याची नोंद एखाद्या मित्राकडे ठेवावी, आणि चौथ्या दिवशी वही न पाहता तिसऱ्या दिवसाचे चोवीस तासांचे स्मरण लिहावे. दोन्हींतला फरक पाहिला की पाठ्यपुस्तकातला ‘स्मरणदोष’ हा शब्द कोरडा राहत नाही. माणसे विसरतात, अंदाज चुकतात, आणि जे खायला नको होते ते सांगताना आवाज थोडा खाली येतो. मुलाखत घेणाऱ्याच्या भुवईच्या हालचालीनेही उत्तर बदलते, म्हणून ‘नाश्त्याला काय घेतले?’ असे विचारू नये, ‘उठल्यावर पहिल्यांदा काही खाल्ले किंवा प्यायले, ते केव्हा?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नात नाश्ता करायलाच हवा होता, असे सूचन दडलेले असते.

ही चूक किती मोठी असते, हे दुहेरी-चिन्हांकित पाण्याच्या पद्धतीने कळले. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांची जड समस्थानिके, म्हणजे त्याच मूलद्रव्यांचे अधिक वजनाचे अणू, असलेले पाणी माणसाला पाजतात. हायड्रोजन शरीरातून केवळ पाण्यावाटे बाहेर जातो, तर ऑक्सिजन पाण्यावाटे आणि कार्बन डायऑक्साइडवाटेही. दोन्ही समस्थानिके लघवीतून किती वेगाने कमी होतात, यातल्या फरकावरून कार्बन डायऑक्साइडचे उत्पादन आणि त्यावरून एक-दोन आठवड्यांतला ऊर्जाव्यय काढता येतो. वजन स्थिर असलेल्या माणसाने खर्चाइतकी ऊर्जा घेतलेली असलीच पाहिजे. पण लोकांनी सांगितलेला आहार त्यापेक्षा वारंवार कमी भरतो, आणि स्थूल व्यक्तींमध्ये ही तूट सहसा अधिक असते. आहार आणि आजार यांचा संबंध सांगणारा कोणताही शोधनिबंध वाचताना ही गोष्ट डोक्यात पक्की असावी.

शोधनिबंध वाचण्याची सवय

संख्याशास्त्राला घाबरून ते शेवटच्या सत्रावर ढकलणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. ते न आल्यास शोधनिबंधाच्या सारांशावर विश्वास ठेवण्यापलीकडे हाती काहीच उरत नाही, म्हणून दुसऱ्या वर्षापासून आठवड्याला एक निबंध वाचावा. आधी पद्धतीचा भाग वाचावा, मग कोष्टके पाहून आपला निष्कर्ष एका वाक्यात लिहावा, आणि त्यानंतरच लेखकांचा सारांश उघडावा. दोन्ही वाक्ये जुळली नाहीत, तर चूक नेहमी विद्यार्थ्याचीच असते असे नाही.

निरीक्षणात्मक अभ्यास आणि प्रत्यक्ष चाचणी यांतला फरक समजण्यासाठी बीटा-कॅरोटीनचा इतिहास मुळातून वाचावा. फळे-भाज्या भरपूर खाणाऱ्यांत आणि रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त असणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळत होता, म्हणून फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ साली तिचे निष्कर्ष आले, तेव्हा बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त आढळला. अमेरिकेतील तशीच दुसरी चाचणी १९९६ साली मुदतीपूर्वी थांबवावी लागली. भाज्या खाणारी माणसे इतरही अनेक बाबतींत वेगळी असतात, आणि भाजीतला एक रेणू वेगळा काढून मोठ्या मात्रेत दिला की तो भाजीसारखाच वागेल असे नाही.

चाचणी आहे म्हणून डोळे मिटून स्वीकारावे, असेही नाही. भूमध्यसागरी आहारावरची स्पेनमधली ‘प्रेडिमेड’ ही मोठी चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. काही सहभागींची गटवाटणी यादृच्छिक नव्हती हे उघड झाल्यावर २०१८ साली मूळ निबंध मागे घेऊन नव्या विश्लेषणासह पुन्हा प्रसिद्ध करण्यात आला. निष्कर्षाची दिशा बदलली नाही, मात्र त्याची भाषा सौम्य झाली. २०१९ साली केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी अतिप्रक्रियित अन्नावर केलेली चाचणी याच्या उलट टोकाची आहे : केवळ २० माणसे, प्रत्येक आहार दोनच आठवडे, पण सर्वजण संशोधन केंद्रातच राहिलेले आणि प्रत्येक घास तोललेला. अतिप्रक्रियित आहारावर असताना ती माणसे दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खात होती. एकीत माणसे हजारो, पण प्रत्येकाच्या ताटावर नियंत्रण थोडे. दुसरीत नियंत्रण कडक, पण माणसे आणि दिवस थोडे. हे दोन निबंध शेजारी ठेवून वाचले, तर संशोधनाच्या आराखड्यावरची अर्धी व्याख्याने समजतात.

या विषयातल्या निबंधाला एक खास प्रश्न विचारावाच लागतो : कशाच्या बदली? औषधाच्या चाचणीत दुसऱ्या गटाला निष्क्रिय गोळी देता येते. आहारात एक पदार्थ कमी केला की दुसरा वाढतो, आणि संपृक्त स्निग्धांश कमी करून त्याजागी असंपृक्त तेले आणली की शुद्ध पीठ-साखर आणली, यावर परिणाम ठरतो. बदलीचा उल्लेख नसलेला निष्कर्ष अर्धवट समजावा.

स्वतःचे ताट आणि इतरांचे प्रश्न

सतत वजन, कॅलरी आणि उणिवा यांचा विचार केल्याने काही विद्यार्थ्यांचे स्वतःच्या खाण्याशी असलेले नाते बिघडते. नोंदवही प्रात्यक्षिकापुरती ठेवावी, आणि खाण्याची भीती वाटू लागली किंवा जेवण टाळणे सुरू झाले, तर विद्यापीठातील समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे लवकर जावे. दुसरीकडे, पहिल्या सत्रापासूनच ओळखीचे लोक मधुमेहावर आणि मूत्रपिंडाच्या विकारांवर आहार विचारू लागतात. अशा वेळी ‘हे मला अजून सांगता येणार नाही, उपचार करणाऱ्यांना विचारा’ असे स्पष्ट म्हणावे.

प्रबंध

अंतिम वर्षाच्या प्रबंधासाठी प्रश्न शक्य तितका लहान निवडावा. ‘युवकांच्या आहाराचा आरोग्यावरील परिणाम’ या प्रश्नाला एका सत्रात उत्तर मिळत नाही. ‘चोवीस तासांच्या स्मरणात पेयांची नोंद किती वेळा राहून जाते’ याला मिळू शकते. माणसांकडून माहिती घ्यायची असेल, तर नैतिकता समितीची परवानगी येण्यास लागणारे आठवडे आधीच वेळापत्रकात धरावेत, आणि प्रश्नावली पाच-सहा जणांवर चाचपून पाहावी. नवी माहिती गोळा करण्याऐवजी अनेक देशांच्या राष्ट्रीय आहार-सर्वेक्षणांची संशोधनासाठी खुली असलेली माहिती वापरणे बहुधा अधिक शहाणपणाचे ठरते. एकाच दिवसाच्या स्मरणावरून ‘नेहमीच्या सेवना’विषयी विधान करू नये, निदान काही जणांकडून तरी, सलग नसलेल्या दुसऱ्या दिवशी, पुन्हा माहिती घ्यावी. विश्लेषण कसे करणार ते माहिती हाती येण्यापूर्वी लिहून मार्गदर्शकांची सही घ्यावी. नंतर त्यात बदल केला, तर तो का केला, हे प्रबंधातच नमूद करावे, आणि मर्यादांचा भाग शेवटच्या रात्रीसाठी न ठेवता पद्धतीच्या प्रकरणाबरोबरच लिहायला घ्यावा.